भोकं बुजवण्याआधी



गेले पंधरा दिवस आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका जुन्या रायफलीवरून वाद चालू आहे. तिथे मी फार बोललो नाही. चार ओळींच्या वर लिहिलं की लोक हात जोडल्याचं चित्र टाकून पुढे सरकतात, आणि हा विषय चार ओळींत आवरणारा नाही. म्हणून इथे लिहितो. ग्रुपमधली निम्मी मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यातल्या दोघा-तिघांना राग येईल. येऊ दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी प्रकरण सांगतो. माझा भाचा अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात असतो. त्याच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे आजोबांपासून आलेली एक रायफल आहे. नळीवर रेमिंग्टनचं नाव, एका वेळी एकच काडतूस घालायचं, लांबलचक नळी, मागच्या अंगाला अष्टकोनी आणि पुढे गोल. ती त्यांना आता नातवाला द्यायची आहे आणि त्याआधी साफसूफ करून घ्यायची आहे. या रायफलीच्या दस्त्यावर, अगदी मागच्या टोकाला, जिथे दस्ता खांद्याला टेकतो तिथे वरच्या कडेवर लाकडात बसवलेली बोटाएवढी लोखंडी पट्टी आहे. पट्टीत आटे पाडलेली दोन भोकं. भोकांत आज काहीच नाही. "मामा, हे काय असेल?" एवढाच भाच्याचा प्रश्न.

त्याने तो ग्रुपवर टाकला आणि उत्तरांचा पाऊस पडला. एक म्हणाला, पट्टा अडकवायची कडी असणार. दुसरा म्हणाला, मालकाचं नाव कोरायची पाटी. तिसऱ्याच्या मते लाकूड तडकलं म्हणून मारलेलं ठिगळ. चौथ्याने जाहीर केलं की ही स्नायपरची बंदूक, दुर्बीण इथे लागायची, लाखो रुपयांची वस्तू आहे. पाचव्याने कुठला तरी सिनेमा आठवून 'बफेलो गन' असं नाव देऊन टाकलं. मग तिकडच्याच एका दुकानदाराचा सल्ला आला. पट्टी काढून टाका, भोकं लाकडाच्या भुश्याने आणि लांबीने भरा, वरून पॉलिश मारा, नळीला नवा रंग चढवा, नव्यासारखी दिसेल. यावर आमच्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या!

त्या टाळ्यांवर माझा आक्षेप आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. अनोळखी भाग दिसला की आपण त्याचं नाव शोधायला धावतो. शोधायचं असतं ते त्याचं काम. आणि काम सापडेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढायचा नाही.

मी शाळेत वीसेक वर्षं एनसीसीचं काम पाहिलं. आमच्याकडे .२२ ची नंबर २ मार्क ४ रायफल असे. मुलं दर वर्षी तेच विचारायची, "सर, हे काय आहे?" मी नाव सांगत नसे. उलट चार प्रश्न विचारत असे. हे कुठे आहे? कशाच्या रेषेत आहे? हे काढघाल करायचं आहे की कायमचं? आणि हे वापरताना माणूस कसा उभा, बसलेला किंवा झोपलेला असेल? नववीतली पोरं या चार प्रश्नांवर बरोबर उत्तराला यायची. आपले शिकलेसवरलेले लोक येत नाहीत, कारण त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

हेच चार प्रश्न या पट्टीला विचारून बघू.

कुठे आहे? दस्त्याच्या वरच्या कडेवर. मग पट्ट्याची कडी बाद. पट्टा रायफलीच्या खालच्या अंगाला अडकवतात. वर अडकवला तर बंदूक पाठीवर उलटी लोंबेल आणि कडी गालाला लागेल.

कशाच्या रेषेत आहे? भाच्याला मी वरून फोटो काढायला सांगितला. पट्टी बरोबर नळीच्या मध्यरेषेत आहे, तिरकी नाही, बाजूला नाही. तडकलेल्या लाकडाचं ठिगळ तड जिथे जाते तिथे जातं, मध्यरेषा पाळत नाही. शिवाय इथे तड नाहीच. नावाच्या पाटीला आटे पाडलेली भोकं कशाला हवीत? रेषेचा इतका काटेकोर विचार करायला लावणारी बंदुकीत एकच गोष्ट असते, ती म्हणजे नेम.

काढघाल की कायमचं? आट्यांच्या कडा वापराने गुळगुळीत झाल्यात. म्हणजे इथे काहीतरी बसवत आणि काढत असत. आणि भाच्याने नीट पाहिलं तेव्हा तशीच दुसरी बैठक दस्त्याच्या मनगटासारख्या निमुळत्या भागावर, चापाच्या वर सापडली. एकच उपकरण दोन जागी लावायची सोय. ते उपकरण म्हणजे उभी, मोडती, वर्निअर खुणांची बॅकसाईट. पातळ दांडी, तिच्यावर वरखाली सरकणारी चकती आणि चकतीला बारीक छिद्र.

दुर्बिणीचं काय? त्या काळातली दुर्बीण म्हणजे जवळजवळ नळीइतकी लांब पितळी किंवा लोखंडी नळकांडी. तिला पुढे एक आणि मागे एक असे दोन आधार लागतात. या रायफलीच्या नळीवर पुढच्या आधाराची खूणही नाही. उलट पुढच्या टोकाला फोरसाईटच्या खाली आडवी बारीक काचेची नळी बसवायची खाच आहे. गवंड्याच्या पाणसळीची ही धाकटी बहीण. रायफल उजवी-डावीकडे कलली नाही ना, हे नेमबाजाला त्यातल्या बुडबुड्यावरून कळतं. हजार यार्डावर मारताना असा कल गोळीला फुटाफुटाने बाजूला नेतो. पन्नास पावलांवरच्या जनावरावर गोळी झाडणारा माणूस पाणसळ घेऊन फिरत नाही. म्हणजे 'बफेलो'सुद्धा गेला.

आता चौथा प्रश्न, आणि इथेच सगळी गंमत आहे. हे वापरताना माणूस कसा असेल? बारीक छिद्राच्या बॅकसाईटला डोळा अगदी जवळ न्यावा लागतो. पालथं झोपून मारणाऱ्याचा डोळा दस्त्याच्या मनगटापाशी येतो. दस्त्याच्या मागच्या टोकापाशी डोळा आणायचा तर डोकं खांद्याच्याही मागे न्यावं लागेल. पालथं झोपून ते जमत नाही. बसून जमत नाही, उभं राहून तर नाहीच.

उताणं झोपून जमतं!

हसू नका. पाठीवर झोपायचं, पाय लक्ष्याकडे, गुडघे थोडे वर, नळी पायांवर टेकलेली, दस्ता खांद्यापाशी किंवा काखेपाशी, एक हात डोक्यामागून आलेला. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रीतसर रूढ होती. इंग्लंडमध्ये बिस्लेच्या मैदानावर मॅच रायफल नावाचा प्रकार १०००, ११०० आणि १२०० यार्डांवर खेळतात. त्यात मोजके लोक आजही उताणे झोपून मारतात.

अमेरिकेत ही पद्धत गाजली ती १८७४ साली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर १८७३ मध्ये नेमबाजीचं मैदान सुरू झालं. त्याचं नाव क्रीडमूर. २६ सप्टेंबर १८७४ ला तिथे अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना झाला. प्रत्येकी सहा नेमबाज, ८००, ९०० आणि १००० यार्ड अशी तीन अंतरं, प्रत्येक अंतरावर प्रत्येकाच्या १५ गोळ्या, एका गोळीचे जास्तीत जास्त ४ गुण. आयरिश संघाकडे रिग्बीच्या तोंडाकडून भरायच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिकेचे ९३४ गुण झाले, आयर्लंडचे ९३१. एका आयरिश खेळाडूने ९०० यार्डांवर मारलेली उत्तम गोळी शेजारच्या, चुकीच्या फळीवर लागली. तिचे चार गुण बुडाले आणि सामना तीन गुणांनी गेला. त्या दिवशी अमेरिकन संघात सर्वाधिक गुण हेन्री फुल्टन यांचे, १८० पैकी १७१. आणि ते मारत होते उताणे झोपून.

त्या मैदानाचे नियम नीट वाचा म्हणजे ही पट्टी का जन्माला आली ते कळेल. रायफलीचं वजन १० पौंडांच्या वर चालणार नाही. चाप किमान ३ पौंडांचा हवा. दुर्बीण नाही. वाळूची पिशवी, टेकू, काहीही कृत्रिम आधार नाही. आता कारागिराने करायचं काय? काच वापरू देत नाहीत, वजन वाढवू देत नाहीत, टेकू देत नाहीत. पण स्वतःच्या शरीराचा आधार घ्यायला कुणी मना केलेलं नाही. आणि पुढची आणि मागची साईट यांच्यातलं अंतर वाढवायलाही मना केलेलं नाही.

या अंतराचं गणित सातवीतल्या मुलालाही कळेल. दोन साईटमधलं अंतर ३६ इंच धरा, आणि नेम धरताना शंभरांश इंचाची चूक झाली असं धरा. १००० यार्ड म्हणजे ३६,००० इंच. त्रैराशिक मांडा, लक्ष्यावर चूक १० इंचांची होते. आता मागची साईट दस्त्याच्या टोकाला नेली. अंतर झालं ४८ इंच. तीच शंभरांश इंचाची चूक, लक्ष्यावर साडेसात इंच. काच नाही, वजन नाही, टेकू नाही, आणि चूक पाव हिश्श्याने कमी! आकडे मी सोयीसाठी गोल धरलेत, पण भाच्याने टेप लावून मोजलं तेव्हा फार फरक निघाला नाही. वजन किती भरलं म्हणाल तर पावणेदहा पौंड. दहाच्या आत, पण जेमतेम आत. ज्याने ही बनवली त्याने नियमाची ओळ वाचून बनवली.

१८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन्ही कारखान्यांकडून लांब पल्ल्याच्या रायफलीवर अशी मागची बैठक बसवून मिळे. म्हणजे ही पट्टी ठिगळ नव्हे, डाग नव्हे, कुणा गावठी सुताराची लहर नव्हे. एका माणसाने वर्षानुवर्षं गवतात उताणं पडून, हजार यार्डांवरच्या ठिपक्याशी जो झगडा केला त्याची ही खूण आहे. त्या माणसाचा कदाचित फोटो उरला नसेल, गुणांची वही उरली नसेल. तो झोपून कसा मारायचा हे सांगणारी घरात उरलेली वस्तू म्हणजे ही दोन भोकं. आणि आपण ती लांबीने भरायला सांगतो आहोत.

आता आमच्या ग्रुपमधल्या आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप, "भोकं वाईट दिसतात, किंमत कमी होते." दिसण्याबद्दल मी वाद घालत नाही. पण किंमतीचंच म्हणाल तर उलट आहे. साधी शिकारी रायफल आणि क्रीडमूरची रायफल यांत फरक दाखवणारा जो पुरावा, तोच तुम्ही पुसून टाकताय. एकदा लाकूड घासलं, नळीला नवा रंग चढवला, की पुढे कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी जाणकार माणूस विश्वास ठेवणार नाही.

आणि जाणकारांनी विश्वास का ठेवू नये याचं कारणही आहे. क्रीडमूर नावाला भाव आहे हे कळल्यावर उलटा उद्योग करणारेही असतात. साध्या रायफलीच्या दस्त्याला भोकं पाडायची, जुन्या नमुन्याची नवी बॅकसाईट लावायची आणि विकायची. म्हणून तर म्हणतो, नुसत्या भोकांवर जाऊ नका. वजन बघा, नळीची लांबी बघा, पाणसळीची खाच बघा, चापावरची बैठक बघा, लाकडाची झीज सगळीकडे एकाच वयाची आहे का ते बघा. एक साक्षीदार खोटं बोलू शकतो. पाच साक्षीदारांना एकच खोटं पढवणं अवघड असतं. जो भोकं बुजवतो आणि जो खोटी भोकं पाडतो, ते दोघे माझ्या लेखी सख्खे भाऊ. दोघांनाही वस्तूने स्वतःबद्दल खरं सांगितलेलं नको असतं.

दुसरा आक्षेप, "स्नायपर म्हटलं तर काय बिघडलं? मुलांना गोष्ट आवडते." बिघडतं. आवडत्या गोष्टी खऱ्या गोष्टींना खाऊन टाकतात. ग्रुपवरच एकाने ठोकून दिलं की शार्प्स कंपनीच्या रायफलीवरून 'शार्पशूटर' हा शब्द आला. ऐकायला किती छान! पण शार्प्स यांचं पेटंट १८४८ चं, आणि शार्पशूटर हा शब्द इंग्रजीत १८०० च्या सुमारासच होता. जर्मन भाषेतल्या अशाच शब्दाशी त्याचं नातं आहे. शब्द आधी, कंपनी नंतर. पण ही गोष्ट आपण पुढच्या माणसाला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि तारखा बघायचे कष्ट कुणी घेत नाही. तसंच या रायफलीचं होईल. एका शांत, हिशेबी, पाणसळ बघून श्वास रोखणाऱ्या खेळाडूच्या जागी आपण एक मारेकरी उभा करू, कारण मारेकऱ्याची गोष्ट रंगते.

तिसरा आक्षेप आमच्या एका वहिनींचा आहे, आणि तो मी गंभीरपणे घेतो. "शेवटी बंदूकच ना ती? माणसं मारायच्या वस्तूचं इतकं कौतुक कशाला?" वहिनी, तुमची चीड मला कळते. पण ही रायफल कुणाला मारण्यासाठी बनलेली नाही हे तीच पट्टी सांगते आहे. पाठीवर झोपून, पाय पुढे करून कुणी लढाई करत नाही. सामन्यात समोर असायची ती लोखंडी फळी. ती पट्टी काढली तर मात्र ही नुसती बंदूक उरेल. तुमच्याच बाजूने बोलणारा पुरावा तुम्ही काढायला सांगताय.

आणि असला खेळ आपल्याला परका नाही. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. दोघंही आपल्या कोल्हापूरकडची. स्वप्नीलचा सामना टीव्हीवर पाहताना आमच्या शेजारी एक जण म्हणाला, "ही रायफल आहे की नळदुरुस्तीचं सामान?" त्याच्या रायफलीवर खांद्याखाली जाणारा आकडा आहे, पुढच्या हाताला अडवणारा तुकडा आहे, गालासाठी वरखाली होणारी फळी आहे. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन पवित्र्यांत शरीर बदलतं आणि त्या त्या भागाला काम मिळतं. दीडशे वर्षांनी कुणाच्या तरी पणतूला अशी रायफल माळ्यावर सापडेल. तेव्हा त्याला कुणी "हे सगळं काढून गुळगुळीत करून घे" असं सांगू नये, एवढीच माझी इच्छा.

चौथा आक्षेप खरं तर आक्षेप नाही, टोमणा आहे. "मास्तरांना रिकामा वेळ फार." आहे. तो मी वस्तूंकडे नीट बघण्यात घालवतो. जुन्या वाड्यांच्या तुळयांना लोखंडी कड्या असतात. वाडा विकताना लोक त्या करवतीने कापतात, डोक्याला लागतात म्हणून. त्या कडीला पाळणा होता की झोपाळा, हे दोन कड्यांमधल्या अंतरावरून कळतं. कापल्यावर काय कळणार?

तर आता कामाचं बोलू. भाच्याने शेजाऱ्यांना माझं सगळं म्हणणं समजावलं आहे. त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. दुकानदाराकडे रायफल सोमवारी न्यायची आहे आणि दुकानदार बोलघेवडा आहे. म्हणून आमच्या ग्रुपला विनंती की, "नव्यासारखी करा" असे निरोप निदान या आठवड्यात पाठवू नका. भाच्याला माझ्या सूचना अशा. पहिलं, रायफल रिकामी आहे याची जाणत्या माणसाकडून खात्री करून घ्या, आणि आजचं काडतूस घालून ती उडवायचा विचारही नको. दुसरं, चारही बाजूंनी उजेडात फोटो काढा. तिसरं, दोन बैठकांमधलं अंतर, भोकांमधलं अंतर, नळीची लांबी, एकूण वजन कागदावर लिहा आणि तो कागद रायफलीबरोबर नातवाला द्या. चौथं, घरातले पत्र्याचे डबे, शिवणाच्या पेट्या, कपाटाचे कप्पे शोधा. ती उभी बॅकसाईट काढून कुठे तरी ठेवलेली असू शकते, आणि ओळखू न आल्यामुळे भंगारात जाण्याच्या वाटेवर असू शकते. पाचवं, कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा. बस. लांबी नको, पॉलिश नको, रंग नको.

ब्लॉगवाल्या मित्रांनाही सांगणं आहे. तुमच्या घरी असं काही असेल, बंदूकच असायला हवी असं नाही, तर त्याचं नाव काय असेल असं विचारू नका. कुठे आहे, कशाच्या रेषेत आहे, निघतं का आणि वापरताना माणूस कसा असेल, हे लिहा. फोटो टाका. आपण मिळून डोकं लावू.

आणि ग्रुपवर ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना इतकंच सांगतो, माझं तुमच्याशी वैर नाही. तुमच्या लांबीशी आहे.